आधी चांगला खांदा

कंबादोसच्या दवाखान्यात, ओहोटी सरल्यावर,
दोसिंदा येते. दाराबाहेर तिचे रबरी बूट
पायपुसण्यावर दोनदा, मग पुन्हा एकदा.
तरी खाडीचा चिखल तिच्यासोबत आत येतोच,
वासाने.

"डॉक्टरांनी पाहिलाय," ती म्हणते,
"हात वर जातो. तू फक्त कागद दे,
एक तारखेला हंगाम उघडतोय."
पाहिलाय. बरं.
मी नवव्या वर्षापासून पाहत नाही.
स्टुलावर बस म्हणते, पाठ माझ्याकडे, स्वेटर काढ,
आणि हात एकमेकांवर घासत राहते.
थंड बोटांना खांदा कधी खरं सांगत नाही.

आधी चांगला.
उजवा. अडतीस वर्षं दंताळं ओढलेला,
वाळूतून तिसऱ्या उपसलेला.
हासळीवरून सरकत सांध्याच्या कडेशी,
तिथून मागे, फऱ्याच्या आडव्या धारेवर.
"वर कर."
दोन वाटे दंडाचे, एक वाटा फऱ्याचा,
जुन्या भागीदारांसारखे दोघे निघतात,
हिशोब न बोलता.

आता डावा.
"वर कर." जातो. खरंच जातो,
डॉक्टर खोटं बोलले नाहीत.
पण माझ्या अंगठ्याखाली फरा आधीच पळालाय,
कंबर उजवीकडे कललीय,
उखळीतला गोळा मात्र जागचा हललेला नाही.
दार उघडत नाही म्हणून
हिने अख्खं घर उचलून फिरवलंय.

"कोपर बरगडीला टेकव. आता हात बाहेर, फाटकासारखा."
उजवा उघडतो. डावा, बोटभर.
मी हलकेच ढकलते. शेवटाला काय लागतं ते महत्त्वाचं:
इथे लागतं, चामड्याचा पट्टा संपावा तसं.
ती हूं की चूं करत नाही.
फक्त श्वास मध्येच उभा राहतो.

"सोड. हाताचं वजन मला दे."
"दिलंय की."
मी माझे तळवे काढून घेते.
तिचा हात तिथेच,
कुणी धरलेला नसताना, हवेत.

"पाठीमागे हुक लावणं केव्हा सोडलंस?"
बाहेर कुणीतरी रिकामे क्रेट फरफटवत नेतं.
"इस्टरपासून. पुढून लावते, मग फिरवते."
"आणि या कुशीवर झोप?"
"झोपतंय कोण."

कोनमापकाचे उठावदार ठिपके मी बोटाने वाचते.
बारा अंश.
"तीस लिही."
"बारा आहेत, दोसिंदा."
"कोण बघायला बसलंय इथे!"
बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळतं.
आधी मला हसू फुटतं, मग तिला,
आणि हसता हसता तिचा हात
माझ्या ओंजळीत येतो, सगळा,
कोपरासकट, मनगटासकट,
ओल्या गोणीसारखा.
केवढा जड. एवढं उचलून
ही बाई सहा महिने हिंडतेय.
पुढचं मोजायचं मी विसरते.

संध्याकाळी बसपर्यंत सोडायला ती थांबते.
जिना अरुंद, एकामागे एक उतरायचा.
कठडा उजव्या बाजूला, म्हणजे माझा उजवा हात तिकडे
आणि डावा
तिच्या डाव्यावर.
मी हात आखडते.
"ठेव गं," ती पुढून म्हणते, "तेवढा झेपतो."

ठेवते. पान ठेवावं तसा.
अकरा पायऱ्या. खिशातल्या कागदावर बारा लिहिलंय,
दोघींना ठाऊक आहे, कुणी काढत नाही विषय.
पायरी आली की खांदा किंचित खचतो
आणि मला कळतं,
अजून एक आहे, जपून.